गुरुवारी वीज नसते

अकरा पेडलं होती.
बारावं मागवलेलं, ते कस्टममध्ये अडकलं होतं.

फळी मी टिंबर मार्केटातून कापून आणली,
मरीन प्लायची, तिरकी, मागून हात जाईल अशी.
तिच्यावर वेल्क्रो, वेल्क्रोवर पेडलं,
एकेकाचं कूळ तोंडपाठ:
हा डिले अ‍ॅनालॉग, हा डिजिटल,
हा डिजिटल असून अ‍ॅनालॉगचं सोंग घेणारा.
हा रिव्हर्ब. याच्यात एक गुहा, एक चर्च, एक पत्र्याची शेड.
सुतारदऱ्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीत
तिन्हींत मी आलटून पालटून राहून पाहिलं.

दिवसभर भोसरीत ट्रान्सफॉर्मरची घरघर मोजायची,
डेसिबलचा आकडा फॉर्मात भरायचा, सही करायची,
आणि घरी येऊन तीच घरघर शोधत बसायचं.
ही केबल काढ, ती लाव.
प्लग उलटा घाल.
फ्रिज बंद करून ये.
"दूध नासेल," शर्वाणी म्हणायची. मग थोड्या वेळानं,
"सुरू झालं का रे?"
"जुळवतोय."
लग्नाला नऊ वर्षं झाली. जुळवतोय.

कल्याणीनगरच्या एका पबात
सेसिलनं काठ्या आपटून चार मोजले
आणि मी खाली वाकून एका हिरव्या दिव्याकडे बघत राहिलो,
तो लागत नव्हता.
लोकांना वाटलं, याची बुटाची नाडी सुटलीय.
अख्खं एक कडवं माझ्याविना गेलं.
खरं सांगू? गाण्याचं काही अडलं नाही.

परतताना रिक्षात फळी मांडीवर.
चौदा किलो, काट्यावर करून पाहिलंय.
रिक्षावाला म्हणाला, "पेटी का?"
मी हो म्हणालो. सोपं पडलं.

मग एक गुरुवार.
गुरुवारी वीज जाते, दुरुस्तीसाठी, सांगूनसवरून,
तरी माझ्या लक्षात राहत नाही.
रजा काढलेली. फळीवर अकरा दिवे मेलेले.
गिटार हातात होती म्हणून वाजवली.
प्लग नसलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज केवढा,
तर तांदूळ निवडताना ताटात खडा वाजतो, तेवढा.
हनुवटी लाकडाला टेकवली, तेव्हा नीट ऐकू आलं:
तिसरं बोट आळशी आहे.
तार ओढली की ती पाव सूर खालीच राहते,
वीस वर्षं राहतेय,
डिलेनं ते झाकलं, रिव्हर्बनं वर शाल घातली.
गुहेत काय, कुणीही बरं गातं.
लाज वाटली. हलकंही वाटलं,
डॉक्टर अखेर आजाराचं नाव सांगतात तेव्हा वाटतं तसं.

शर्वाणी दारात, हातात अर्धी निवडलेली मेथी.
"हे कुठलं नवीन घेतलंस?"

विकायला वेळ लागला नाही.
वाघोलीहून ओजस खिलारे आला, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष.
रिव्हर्बचं बटण फिरवतानाचे त्याचे डोळे मी ओळखले.
सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.
पाचशे कमी केले.
चर्चमध्ये राहून बघू दे त्यालाही.

एक तेवढं ठेवलं.
तपकीर गल्लीत मोमीनभाईंनी हिंगाच्या डब्यात बांधून दिलेलं,
वर खिळ्यानं कोरलंय: जोर.
दोन वर्षं बंद आहे.
झाकण काढलं की अजून सोल्डरच्या आधी हिंगच येतो नाकात.

आणि बारावं परवा आलं, कस्टममधून सुटून.
खोका फोडलेला नाही. चपलांच्या रॅकवर आहे,
शर्वाणी त्याच्यावर किल्ल्या ठेवते.

संध्याकाळी एकच केबल लावतो,
एक टोक इथे, एक तिथे.
फ्रिज चालू असतो. घरघर येते.
असेल चाळीस-बेचाळीस डेसिबल.
सही करत नाही.
तार ओढतो,
अजून थोडी,
अजून