गळका तांब्या

भांडीबाजारात आम्ही मोड घेतो.
सिडकोहून एक मुलगा आला, पिशवीत तांब्या.
फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणाला.
काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं नाव: भिवराबाई.
मोडीत आलेला, आणि नावही मोडीत.

बूड चाचपलं. सवयच ती.
नऊ डाग.
डाग म्हणतात, आमचे जुने कारागीर डाक म्हणायचे.
उजेडाकडे धरून आतून नख फिरवलं,
तांबं सलग. नऊ डाग, भोक एकही नाही.

न फुटलेल्या भांड्याला कथील कोण लावतो?

एवढ्यावरून मी रचलंय ते असं. साक्षीदार कोणी नाही.

तांबट आळी. पुढे भाता नि ऐरण, मागे चूल,
मधे गहू निवडत भिवराबाई.
त्या घरात क्रियापदाला कर्ता नसे.
‘जेवायचं झालंय,’ सून उंबऱ्याला सांगे.
‘पाणी हवं होतं,’ तो भात्याला.
नाव घ्यायचं ते संक्रांतीला,
वीस बायकांसमोर, यमकात बसवून;
एरवी एकटीनं, मनातसुद्धा नाही.
लग्नाला चार वर्षं,
आणि दोघांचं मिळून बोलणं
एका मुठीत मावलं असतं.

मग एकदा गंगेवरून येता येता
ती सासूला म्हणाली,
‘हा गळतो.’

तांब्या पुढे गेला.
त्यानं भरला, कोरड्या राखेवर ठेवला.
दुपार कलली. राख कोरडी.
पुन्हा भरला, खाली वाकून पाहिलं.
थेंब नाही.
शेजारी बाप पत्रा ठोकत होता,
याची हातोडी मात्र वरच राहिली.

‘गळत होता,’ तो मोठ्यानं म्हणाला, भात्याला.
कथील तापवलं, नवसागर टाकला
आणि जिथं काहीच नव्हतं तिथं
तिळाएवढा डाग दिला,
चिंच लावून घासताना
बोटाला लागेल असा.

महिन्याभरानं तांब्या पुन्हा गळला.
मग पुन्हा.
पाचवा डाग बारीक, जपून दिलेला.
सातवा ओबडधोबड, काठ करपलेला:
भांडले असतील का?
कर्त्याशिवाय भांडतात कसं?

‘पोराच्या डागाला टिकाव नाही,’
भिवराबाई म्हणाल्या असतील.
किंवा नसतील म्हणाल्या. त्यांच्याही काळी
एखादी घागर गळकी असेल.

नववा शेवटचा. पुढे का नाही, ते रचता येत नाही.
बोलू लागले असतील.
किंवा.

काट्यावर ठेवला.
मोडीत डागाचं वजन वजा धरतात,
कथील तांब्याच्या भावानं जात नाही.

‘गळका आहे तो,’ मुलगा म्हणाला, ‘आधीच सांगतो.
आमच्याकडे गळका तांब्याच म्हणतात त्याला,
पणजीच्याही आधीपासून.’

‘कधी भरून पाहिला?’

‘नाही,’ म्हणाला,
‘गळकाच आहे ना.’