एक अँपियर

सकाळी साडेसहालाच लोखंडी दाराची कडी पोळते.
रुमालात धरून ती उघडतो,
आत माझं धूड डिझेल पिऊन बसलेलं.
गल्लीचा जनरेटर. खुशीत असला की धडधडतो,
बिनसलं की काळा धूर सोडतो,
माझ्या थोरल्या मेहुण्यासारखा.

भिंतीला फळी, फळीवर एकशे बारा खटके,
प्रत्येकाखाली खडूने नाव.
झहरून, चांदीचा कारागीर: आठ अँपियर.
मास्तर राझी: तीन होते,
मुलगी बाळाला घेऊन परत आली, आता चार.
हिकमत खाटीक: दहा, आणि उधारी दोन महिन्यांची.
खालच्या रांगेत कोपऱ्यात उम्म नुहा:
एक.

एका अँपियरमध्ये काय होतं?
एक दिवा, एक पंखा.
नाहीतर एक जुना फ्रीज आणि बाकी घरात अंधार.
बगदादच्या जुलैत शहाणा माणूस पंखा घेतो.
तिने फ्रीज घेतला.
आत नवऱ्याचं इन्सुलिन असायचं, गल्लीला ठाऊक होतं,
म्हणून त्या खटक्याला मी कधी बोट लावलं नाही.

सरकारी वीज आली की पोरं गच्चीवरून ओरडतात,
वतनिया आली, वतनिया!
तासभर खेळ.
मग पुन्हा अख्खी गल्ली माझ्या गळ्यात.
टाक्यांतलं पाणी असं तापतं
की नळाखाली हात धरला तर तोंडून शिवी निघते.
बायका पहाटे चारला अंघोळी उरकतात,
खिडक्यांना ओल्या चादरी लावतात,
आणि दिवस दाराबाहेर ठेवतात, वसुलीवाल्यासारखा.
मास्तर राझी भर दुपारी
वाळक्या लिंबाचा चहा पितात, कढत.
म्हणतात, विस्तवाला विस्तवच समजावतो.
मला पटत नाही. पण दिला तर पितो.

काल रेडिओने एकावन्न सांगितले.
मी यंत्राच्या अंगावर ओली गोणपाटं टाकली,
नळीने पाणी मारलं,
फुस्सकन वाफ तोंडावर आली.
काटा लालात.
आता सगळंच बंद करायचं,
किंवा काही घरं उतरवायची.

आधी माझंच घर पाडलं.
अर्ध्या मिनिटात बायकोचा फोन. घेतला नाही.
मग हिकमत. त्याचं मटण आणि त्याची जीभ,
दोन्ही आज लवकर आंबणार.
मग झहरून. चांदी काही एकावन्नात वितळत नाही.
मास्तरांच्या नावापाशी बाळ आठवलं,
बोट थबकलं, पुढे सरकलं.
आणखी वीस घरं. काटा हलेना.

बोट कोपऱ्यात आलं.

हाजी सादून फेब्रुवारीतच गेला.
पावसाची भुरभुर होती, मीही खांदा दिला होता.
मग आता त्या फ्रीजमध्ये कुणाचं औषध?
हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.
एका अँपियरचे पैसे ती पहिल्या तारखेला आणून देते,
सुट्टे, मोजून.
कोण विचारतो.

खटका खाली केला.

तीन वाजले तशी दुसऱ्या मजल्यावरून
टोपली उतरली, रोजच्यासारखी,
दोरीला गाठी मारमारून लांब केलेली.
आत बाटली. बाटलीत बर्फ, वरून फडकं.
मे महिन्यापासून मी ती पितोय.
मला वाटायचं, शेजारधर्म.
टोपलीत आज आणखी तीन होत्या:
हमालाची, झाडूवाल्या पोराची,
एकीवर कुणाचंच नाव नाही,
जो कुणी वाटेत कोसळेल त्याची असावी.

मी मानेवर बाटली धरून उभा राहिलो.
वर बघायचं धाडस झालं नाही.
अर्धी प्यायलो.
उरलेली रेडिएटरवरच्या गोणपाटावर ओतली,
आणि काटा केसभर खाली आला,
की मलाच तसं वाटलं, शपथेवर सांगणार नाही.

पहिला खटका कुणाचा वर केला
ते माझ्या बायकोला कळू देऊ नका.

दोरी दोनदा हलली.
रिकामी बाटली तिला परत हवी असते.