दुसरी बाजू, तिसरं गाणं

सॉरवुड फोर्कच्या खोऱ्यात एकतीस वर्षं मी टपाल वाटलं.
कुणाचं कुत्रं चावरं, कुणाची पेन्शन कधी,
कुणाच्या दारात मुलाचं पत्र येईनासं झालंय,
सगळं तोंडपाठ.
म्हणून आता कुणी गेलं, की घर आवरायला आलेली पोरं
ओहायोहून, डेट्रॉइटहून आलेली,
मलाच फोन करतात:
तुम्ही जुन्या रेकॉर्डी घेता ना?

घेते.
ओल धरलेल्या तळघरांतून, कोंबड्यांच्या खुराड्यातून,
एकदा तर बंद पडलेल्या फ्रीजमधून,
चाळीस तबकड्या, अंड्यांच्या कप्प्याखाली दाटीवाटीने उभ्या.
घरी आणून फ्लॅनेलच्या तुकड्याने पुसते,
घेवड्याच्या शिरा काढाव्यात तशी, सावकाश.
वहीत नोंदते: दर्जा, ओरखडे, कव्हरची अवस्था.

कव्हरांवर नावं असतात.
बॉलपेनने, कधी नेलपॉलिशने.
‘अर्ल, यावर कप ठेवू नकोस’
आणि बरोबर त्याच ओळीवर
कॉफीचं तपकिरी वर्तुळ.
‘ही ओमा रॅटलिफची. नेलीस तर परत आण.’

ओमाची मला चार डॉलरला मिळाली.
कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नाही.
तीनशेच प्रती,
चर्चच्या तळघरात एका रविवारी वाजवून घेतलेल्या.
फोटोत पाच माणसं; टाय तिघांनाच पुरले.
वहीत लिहिलं: आवाज स्वच्छ. दोष एकच.
दुसरी बाजू, तिसरं गाणं,
शेवटच्या कडव्याआधी कुणीतरी खोकतं.
लेक्सिंग्टनचा एक गिऱ्हाईक म्हणाला,
पुसता येतो कॉम्प्युटरवर, दोन मिनिटांचं काम.
तीनशे डॉलर देतो.

ओमा आहे अजून, हे मला ठाऊक होतं.
तिचा पत्ता बदलल्याचा फॉर्म मीच नेला होता:
वृद्धाश्रम, खोली अकरा.
आणि कव्हरवर तर स्वच्छ लिहिलेलं, परत आण.
टपालवालीला पत्ता दिसला
की राहवत नाही.

तिने कव्हरकडे पाहिलंही नाही.
वाजव, म्हणाली.
पहिली बाजूभर डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपली.
तिसऱ्या गाण्याला तिने बोट वर केलं,
शेजारच्या खोलीतला टीव्हीसुद्धा गप्प व्हावा असं.

आला तो.
लहानसा, कोरडा,
बँजोपासून तोंड वळवून खोकलेला.

‘डेन्व्हर,’ ती म्हणाली. ‘माझा धाकटा.
शनिवारची रात्रपाळी करून खाणीतून थेट आला होता,
हात धुतलेले, मान राहिलेली.
पुन्हा वाजवायला पैसे नव्हते,
तासाच्या भाड्याने आणलेली मशीन.
आम्ही सगळे केवढे चिडलो त्याच्यावर!
नंतर तो खोकला घरभर झाला.
भिंतीपलीकडून मी मोजायची रात्री.
अकरा वर्षं मोजला.’

मग एकदम हसली.
‘आणि हे ऐक, इथे तो अर्ध्या मात्रेने मागे पडतो.
फिडलवाला थांबतो त्याच्यासाठी. ऐकलंस?
दोघांचं बोलणं बंद होतं तेव्हा, कुंपणावरून.’

मी ती तबकडी साठेक वेळा तरी ऐकली असेल.
ते थांबणं कधी ऐकलं नव्हतं.

निघताना तिच्या मांडीवर ठेवली तर ढकलली तिने.
‘इथे माणूस गेलं की दुपारपर्यंत खोली रिकामी करतात,
काळ्या पिशव्या घेऊन येतात.
तुझ्याकडेच असू दे. मंगळवारी आणत जा.’

तर निवृत्त होऊनही
एक घर राहिलंय माझ्या वाटेवर.
लेक्सिंग्टनला अजून काही कळवलेलं नाही.
वहीत त्या ओळीवर ‘दोष’ हा शब्द खोडला,
त्या जागी काय लिहावं सुचेना,
शेवटी ‘डेन्व्हर’ लिहिलं आणि वेळ:
दोन मिनिटं, एक्केचाळीस सेकंद.

अर्लच्या बायकोचं नाव मात्र
अजून कुणी सांगू शकलेलं नाही.