कुणीतरी

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत शिफ्ट इन्चार्ज झाले
तेव्हा माझ्याकडे स्टोअरची चावी होती, एक शिट्टी,
आणि कर्ता नसलेली पुष्कळ वाक्यं.

वाळू जरा ओली वाटतेय.
तिकडे बघायला पाहिजे कुणीतरी.
आज झालं तर बरं.

घरची सवय. आमच्याकडे अनगोळात
पाणीसुद्धा असंच मागतात:
घसा कोरडा पडलाय, म्हणून.
आणि कुणीतरी उठतं.
बहुधा आईच.

शेडमध्ये आई नव्हती.
मोल्डिंगवर भरमाण्णा होता, सव्वीस वर्षं,
कोअर शॉपला शहनाज, भट्टीपाशी निंगाप्पा,
खानापूरच्या गाडीनं येणारी चार पोरं.
सगळ्यांनी बघितलं.
मी म्हटलं होतं तसंच,
तिकडे, वाळूकडे.

सकाळी एकेचाळीस पंप-केसिंगं फोडली.
आत नुसती भोकं, पावासारखी.
मी ओरडले. ते मला छान जमलं.
ओरडताना माझ्या प्रत्येक वाक्याला कर्ता होता.

भरमाण्णानं तंबाखू मळून संपवली,
मग म्हणाला,
'बाई, तुमी काम न्हाई सांगितलासा.
हवामान सांगितलासा.'

त्या रात्री तिसऱ्या रेल्वे गेटला अडकले.
मालगाडी संपेना.
स्कूटरच्या धुळकट आरशावर बोटानं
एक वाक्य जुळवत बसले.
नाव. काय. किती वाजेपर्यंत.
'का' सुचलं शेवटचा डबा गेल्यावर.
'कसं' लिहिलं आणि पुसलं,
सव्वीस वर्षांना कसं म्हणून काय शिकवायचं.

आणि तपासशील की तपासाल?
वयानं तो बाबांएवढा, रजिस्टरात माझ्या खाली.
मराठीत मी तिथेच अडखळले,
मागचे हॉर्न वाजवायला लागले.
सोडवलं कन्नडनं.
शेवटी एक 'री' लावला
की हुकूम चपला दाराशी काढून
आत येतो.

दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ गेले, शिट्टी खिशात.
'भरमाण्णा, दहाच्या आत वाळूची ओल नोडरी.
साडेदहाला ओतायचंय,
आणि कालच्यासारखं मला पुन्हा फोडायला नको.'

'आगूदिल्री,' तो म्हणाला.

शहनाजचा हात थांबला.
पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली.
मलाही वाटलं, झालं, आता काय उरलं.
पण त्याचं वाक्य अजून संपलं नव्हतं:
'मीटर गेलाय चार दिस.
मुठीनं सांगतो मी, पर मुठीला साक्ष पायजे.
मीटरचं तुमी बघा.'

चार दिवस.
चार दिवस मी हवामान सांगत होते
आणि मीटर बंद आहे हे सांगायला
कुणाला जागाच ठेवली नव्हती.

त्यानं वाळूची मूठ वळली, उघडली,
गोळ्यावर पाची बोटं उमटली होती.
मी चावी काढली, स्टोअरकडे वळले,
तर मागून आवाज आला, शांत,
भट्टीच्या घरघरीवरूनही नीट ऐकू येईल असा:

'पावणेदहाच्या आतरी, बाई.'