एक्केचाळिसावा किलोमीटर

पडद्यावर रूळ म्हणजे एक रेघ.
रेघेखाली चार हजार स्प्रिंगा.
दाबलं की दबायचं, सोडलं की वर यायचं,
कुरकुर नाही, आठवण नाही.
अशी माती जगात कुठेच नसते,
तरी हिशेब तिच्यापासूनच मांडावा लागतो.

मी गाडी सोडते :
स्प्रूसच्या ओंडक्यांनी भरलेल्या चोवीस वाघिणी,
एकेका आसावर साडेबावीस टन.
रेघ वाकते, भुवई वाकावी तेवढीच,
आणि दलदलीतून एक लाट निघते.
गाडी सावकाश असेल तर लाट पुढे पळते.
वेग वाढवत नेला की एका आकड्याशी
गाडी आपल्याच लाटेला गाठते
आणि आपणच उठवलेला चढ
चढत राहते, चढतच राहते.

हेलसिंकीला तो आकडा हवा आहे.
एका पानात.

हापासुओच्या दलदलीत सगळीकडे जुळलं.
फक्त एक्केचाळिसाव्या किलोमीटरला
रूळ बुडायला हवा तेवढा बुडत नाही,
निम्मासुद्धा नाही.
वाईट बातमी असती तर समजून घेतली असती.
कुठेतरी पाणी मुरतंय म्हणावं,
तर इथे पाण्याशिवाय आहे काय?

तौनो हाउतामाकी रुळालगतच्या पिवळ्या घरात राहतो.
चाळीस वर्षं हातोडी घेऊन हाच पट्टा चालला.
मी लॅपटॉप उघडला, त्याने कॉफी ओतली.
बराच वेळ दोघांपैकी कोणी बोललं नाही,
तिकडे ते उद्धटपणाचं मानत नाहीत.
मालगाडी आली.
फळीवरचे चमचे किणकिणले,
मग मध्येच गप्प झाले,
मग पुन्हा किणकिणले.

"तिथे खाली लाकूड आहे," तो म्हणाला.
"माझा बाप आणि सतरा माणसं. दोन हिवाळे.
एक थर आडवा, एक उभा, वर माती."

नकाशात का नाही?

"कंत्राट खडीचं होतं."
साखरेचा खडा दातांत धरून तो हसला.
"खडी बुडायची. टाकली की गडप.
जंगल मात्र शेजारीच होतं.
आता सांगायला हरकत नाही,
ज्यांची नोकरी जाईल असं कुणी उरलं नाही."

रात्री मी दोन मीटर खोल
एक थर घातला.
ओल्या लाकडाचा ताठरपणा कोष्टकातून घेतला,
बाकीचा अंदाजाने.
वक्ररेषा खाली आली, ठिपक्यांवर जाऊन बसली,
जवळजवळ.
एक केसभर फट राहिली.
ती मी तशीच ठेवली.
थराला नाव द्यावं लागतं, रकाना रिकामा चालत नाही.
सतरांपैकी तौनोला चारच आठवले होते.
मी लिहिलं : खडी.

निघताना विचारलं होतं, किती वर्षं टिकेल?
"खाली हवा नाही. पाणी आहे तोवर कुजायचं नाही."
मग त्याने खिडकीतून बोट दाखवलं.
रुळाच्या कडेने नारिंगी खुंट्या ठोकलेल्या,
नव्या चराची आखणी.
दलदल सुकवली की रूळ पक्का होईल,
असं माझ्याच कार्यालयाने सुचवलेलं,
माझ्याच स्प्रिंगा मोजून.

पत्र एका पानात बसलं.
वेगाबद्दल तीन ओळी,
लाकूड संपतं तिथल्या दोन्ही टोकांबद्दल पाच.
आणि शेवटी, सही करण्याआधी :
चर खणू नका.
पाणी मुरू द्या.