टेपचं दुसरं टोक

आवळेबाई घाटावरून बदलून आलेल्या,
माडाला अजून नारळाचं झाड म्हणतात.
मी कोतवाल. टेपचं दुसरं टोक माझ्याकडे.

बाई डबी धरून उभ्या राहतात, मी चालत जातो
मेतरांच्या खळ्यातून, आडव्या पोफळी ओलांडत,
आणि पडझड संपते तिथे टोक टेकवतो.
अकरा मीटर. पुढे बारा. शाळेजवळ जेमतेम नऊ.
एवढीच त्याची रुंदी. लांबी मात्र
जेटीपासून चिऱ्याच्या खाणीपर्यंत.
तिथे पोचून, काय मनात आलं, विरलं.

ते म्हणजे नक्की काय, हाच घोळ.
नमुन्यात रकाने तीन: वादळ, अतिवृष्टी, वीज.
आणि त्या दिवशी तालुक्यात वारा ताशी चौदा किलोमीटर,
तसा कागद आहे.
चौदात माझं धोतरसुद्धा दोरीवरून उडत नाही.
पावलू फर्नांडिस म्हणाला, दर्यातसून सोंड इली.
शाळेतली पोरं म्हणाली, भोवरा.
शेवंती मेतर म्हणाली,
"वारो नाय हो तो. वारो येता नि जाता.
ह्यो थांबलो. माझ्या दारात थांबान
आत कोण आसा ता बघल्यान."

बाईंनी लिहिलं: सोसाट्याचा वारा.
मी त्यांना पुन्हा बागेत नेलं.
उजव्या हाताच्या पोफळी डोंगराकडे डोकी करून पडलेल्या,
डाव्या हाताच्या सगळ्या समुद्राकडे.
सरळ चालणाऱ्याला हे कसं जमेल, बाई?
बराच वेळ त्या आडव्या झाडांमध्ये उभ्या राहिल्या,
मग खोडलं. वर लिहिलं: चक्राकार.
खोडलं तिथे माझी सही.

मेतर: कौलं दोनशे दहा, वासे सात, मांगर पूर्ण.
फर्नांडिस: पात एक, उलटी होऊन वेताळाच्या पारावर,
खाली कोंबडी, जिवंत. कोंबडी कुणाची ते ठरलं नाही.
शाळा: पत्रे चौदा. तेरा सापडले.

जैबून मुजावरचं घर अगदी वाटेत, मधोमध,
आणि त्याला काही नाही.
पंचनाम्याला आलात तर बसा तरी, म्हणाली.
"गेला काय्येक नाय. उलट इला."
पायरीवर मेतरांची सहा कौलं, एक फुटलं नव्हतं.
कुणाची तरी चप्पल, डाव्या पायाची.
आणि गोळ्यांचं पाकीट, ओलं होऊन सुकलेलं,
नाव नाही, नुसतं पेनानं: सकाळ, संध्याकाळ.
"ज्याची आसत तेना काल सांजची गोळी घेवक नाय,"
जैबून म्हणाली, आणि पाकीट पदराला पुसलं.

बाईंनी नमुना उलटसुलट केला.
आलेल्या वस्तूंना रकाना नव्हता.

मी अक्षर ओळखलं. माझंच.
काल रात्री बॅटरी घेऊन कोनाडा चाचपत होतो,
बाबा खाटेवरून विचारत होते, गावली काय,
आणि त्यांच्या तोंडावर पागोळी पडत होती,
कारण वर जे असायला हवं ते नव्हतं.
सकाळी बाईंनी विचारलं तेव्हा म्हणालो होतो, माझं निरंक.
पगार सरकारी, तोंडानं कसं मागायचं.

"तुमचं घर कुठलं?" बाईंनी आता विचारलं.
त्यांनी माझ्याकडे नाही, पाकिटाकडे पाहिलं होतं.
खाणीच्या अलीकडचं, म्हणालो. शेवटचं.

तिथे पोचल्यावर मी सवयीनं हात पुढे केला.
बाईंनी टोक दिलं नाही.
"आता तुम्ही पंच नाही, गिरप. बाधित."
त्या शब्दाला अंगावर कुठे ठेवावं कळेना,
तसाच दारात उभा राहिलो.

जैबून मागून आली होतीच.
एका हातात पाकीट, दुसऱ्यात टेपचं टोक,
ती माझ्या घरात शिरली,
बाबांच्या खाटेला वळसा घालून पार भिंतीपर्यंत.
"ढील काढा," बाई म्हणाल्या.
तिनं ओढलं.
पिवळी पट्टी मधल्यामध्ये थोडी थरथरली,
वारा नव्हता.