तिकोनी कानस

इतवारीत आमचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे,
आणि दारातच टांगलेल्या पिवळ्या मुठीच्या करवती,
एकशेऐंशीला एक. दोन घेतल्या तर साडेतीनशे.
दातांची टोकं निळी, कारखान्यातच भाजून कडक केलेली.
सासरे म्हणतात, निळं दाखव, गिऱ्हाईक निळ्यावर भुलतं.
मी दाखवते.

निळ्या दातावर कानस चालत नाही, नुसती घसरते,
हे मला झिंगरूजींनी सांगितलं.
लकडगंजात आरामशीनच्या कुंपणाला पाठ लावून बसतात ते.
दोन फळ्यांच्या चिमट्यात करवत उभी,
मांडीवर गोणपाट, चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
एक दात डावीकडे, एक उजवीकडे,
प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांनी
मास्तरांची पाठ वळताच माना फिरवाव्यात तसे.
धारेचे साठ रुपये.
"साठ? एकशेऐंशीत नवी येते बुवा,"
असं म्हणून कामावरची पोरं माझ्याकडे येतात.
तिसऱ्या महिन्यात पुन्हा येतात.

मोडकं आमच्या दुकानामागे साचतं.
कबाडीवाला मूठ पाहून नाक मुरडतो,
प्लास्टिक वेगळं करा, मग भाव बोला.

मे महिन्यात, भर दुपारी,
मी कूलरच्या वाळ्यावर पाणी मारत होते,
तर डोक्याला दुपट्टा गुंडाळून झिंगरूजीच दारात.
"तिकोनी कानस देजो, सहा इंची.
मांगची पंधरा दिवस नाई चालली."
मी म्हटलं, तिलाच लावा ना धार.
ते हसले नाहीत.
"कानशीले धार लागत नाई बाई. थे फक्त सरते."
आणि घामानं ओल्या नोटा एकेक सोडवून
त्यांनी माझ्यासमोर मोजल्या.

म्हणजे अख्ख्या लकडगंजाचे दात ज्यांनी राखले
त्यांच्या हातातली वस्तूसुद्धा फेकायचीच!
मला उगाच जिंकल्यासारखं वाटलं.
संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं.

आठवड्यानं ते पुन्हा आले, कागदात काहीतरी घेऊन.
एक सुरी. सरलेली कानस उमरेडच्या लोहाराकडून ठोकून आणलेली,
तिवसाच्या उरल्यासुरल्या तुकड्याची मूठ.
पात्यावर अजून बारीक तिरप्या रेघा,
जवस कापून नेलेल्या वावरात राहतात तशा.
"किती द्यायचे?"
"ठेव. कोनी पाह्यली तर सांगजो कोनाची हाय."
कोणी पाहिली नाही.
मी तिनं सांबार चिरते, कच्च्या कैऱ्या चिरते,
एकदा पार्सलची दोरी कापली तर सासूबाई ओरडल्या.

पावसाळ्यात ती बोथट झाली.
झिंगरूजी लेकीकडे चंद्रपूरला गेलेले.
चहाचा कप पालथा घातला,
त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पातं टेकवलं,
फार उभं धरलं, धार गेली.
दुसऱ्यांदा आडवं धरलं.
ते म्हणाले होते, "आवाज आयक.
किंचाळली तं थांब. कुजबुजली तं चालू दे."
बराच वेळ किंचाळत होती.
मग, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा थांबला तेव्हा,
कुजबुज ऐकू आली.

प्रत्येक धारेला ती केसभर अरुंद होते.
कपाच्या बुडावर करडी रेघ उठते, मी ती पुसते.
हेही सरणंच. मला दिसतं ते.

काल एक पोरगा आला, ओठांवर नुकती लव,
फर्निचरच्या कामावर नवा लागलेला.
पिवळ्या मुठीकडे बोट केलं.
माझा हात वर गेलाही होता, सवयीनं, निळं दाखवायला.
विचारलं, घरी जुनी आहे का रे?
"आबाजीची हाय. गंजली. खाटेखाली पडून हाय."
गल्ल्यामागे सासरे खाकरले.
मी कूलर मोठा केला आणि त्याला रस्ता सांगितला.
म्हटलं, पाचच्या आत जा.
ऊन उतरलं की त्यांना दात दिसत नाहीत.